मेढीला बांधलेली सहल

"पोरांच्या केसाला जरी धक्का लागला, तर मी मास्तरकी सोडून गावी भात लावायला जाईन!" रावजी गुरुजींनी हे शाळेच्या ओट्यावर उभं राहून, सगळ्या आयाबायांच्या देखत सांगितलं. बोलताना त्यांनी छातीवर हात ठेवला होता. तो आतली धडधड कुणाला दिसू नये म्हणून ठेवला होता, हे अर्थात आयाबायांना ठाऊक नव्हतं.

गुरुजी मूळचे माणगावच्या आतल्या अंगाचे. घरी भातशेती. पाणी म्हणजे खाचरात घोट्यापर्यंत असतं तेवढं, याहून जास्त ओळख त्यांनी कधी वाढवली नव्हती. बदली होऊन ते थळच्या अलीकडच्या एका लहानशा गावात आले. इथला समुद्र ते शाळेच्या खिडकीतून पाहत आणि तेवढ्यावर दोघांचं बरं चाललं होतं. पण स्वराज्य येऊन दहा-अकरा वर्षं झाली होती आणि वरच्या साहेब लोकांना नव्या कल्पना सुचायला लागल्या होत्या. त्यातली एक अशी, की मुलांना निसर्ग पुस्तकातून न शिकवता निसर्गात नेऊन शिकवावा. शाळा तपासणारे दिपोटी साहेब स्वतः यायचे होते आणि सकाळी समुद्रावर काय काय पाहिलं ते दुपारी शाळेत मुलांच्याच तोंडून ऐकणार होते. दिवस कोणता, ते मात्र गुरुजींवर सोडलं होतं.

त्या दिवसापासून गुरुजींची झोप उडाली. नोकरीची काळजी होतीच, ती कुणाला नसते! पण खरी भीती वेगळी होती. गुरुजींना स्वतःचं मूलबाळ नव्हतं आणि वर्षभरात ही शेंबडी, आगाऊ, सुक्या बोंबलाच्या वासाची पोरं त्यांच्या काळजात घर करून बसली होती. त्यातलं एखादं घसरून पाण्यात गेलं तर, या विचारानं त्यांच्या घशाखाली घास उतरेना.

मग एका सकाळी दात घासता घासता त्यांना मळणी आठवली. खळ्याच्या मधोमध मेढ पुरलेली, मेढीला दोर, दोराला ओळीनं बैल. बैल दिवसभर फिरतात, पण हरवला कुणी? विहिरीत पडला कुणी? गुरुजी राख तोंडात तशीच ठेवून हसले.

त्यांनी काथ्याचा लांबलचक दोर आणला आणि त्याला हात-हात अंतरावर फासे घातले. एका फाशात एक पोर, कमरेला. शेवटच्या फाशात ते स्वतः. दुसरं टोक मेढीला. शिवाय एक शिट्टी. "एक शिट्टी म्हणजे थांबा," त्यांनी वर्गात पाठ करून घेतलं, "दोन म्हणजे जवळ या. आणि तीन म्हणजे धोका! तीन झाल्या की काय करायचं?"

"सरळ घरी पळायचं! मागं बघायचं नाही!" वर्ग ओरडला.

"कुणासाठी थांबायचं?"

"कुणासाठी नाही!"

हे महिनाभर रोज, प्रार्थनेनंतर आणि पाढ्यांच्या आधी. पोरांना सत्ताविसाचा पाढा यायचा नाही, पण हे झोपेतही यायचं.

दिवस ठरवायला गुरुजींनी पंचांग काढलं. चांगल्या कामाला पौर्णिमेसारखा दिवस नाही, असं त्यांच्या घरात सात पिढ्या मानत आल्या होत्या. पौष पौर्णिमा, सकाळी शुभ वेळ. मासळी विकणारी मनुबाई, म्हणजे वर्गातल्या केसरची आई, दारावरून चालली होती. तिला त्यांनी मुद्दाम विचारलं, कारण गावातल्या बायका मनुबाईच्या तोंडाकडे बघून होय-नाही ठरवीत.

"पुनवेला न्या की," मनुबाई म्हणाली. "पन बाराच्या आत पोरं घरी पायजेत. काय?"

"अर्थात! बाराच्या उन्हात मी नेईन का पोरांना?"

मनुबाईनं त्यांच्याकडे जरा बघितलं. मास्तर शिकलेला माणूस, त्याला पुनवेला बाराच्या सुमारास येणारं उधाण काय सांगायचं, असं तिला वाटलं असावं. टोपली डोक्यावर घेऊन ती निघून गेली. गुरुजींनी मात्र उन्हाचा बंदोबस्त म्हणून प्रत्येक पोराच्या डोक्याला ओलं फडकं बांधायचं ठरवलं. काळजी घ्यायची तर पुरती घ्यावी!

पौर्णिमेला सकाळी फडकी बांधलेली तीसेक पोरं दोरात ओवून गुरुजी किनाऱ्यावर आले आणि खूश झाले. समुद्र जवळजवळ नव्हताच! तो पार लांब, क्षितिजाला टेकून बसला होता, आणि इथं नुसती ओली वाळू, खडक आणि डबकी. एवढ्याशासाठी आपण महिनाभर जेवलो नाही, असं त्यांच्या मनात आलं.

प्रश्न एकच होता, मेढीचा. वाळूत ना झाड ना खांब. पण मधोमध गावच्या खलीलभाईंचा शिडाचा मचवा उभा होता. कौलं भरून मुंबईला न्यायचा हा मचवा वाळूत असा रुतून बसला होता, की गुरुजींनी त्याला खांदा लावून पाहिला आणि त्यांचाच खांदा दुखला. इतकी जड आणि अचल वस्तू त्यांच्या मते जिल्ह्यात दुसरी फक्त कचेरीची इमारत. त्यांनी दोराचं टोक सुकाणूच्या कडीला बैलगाठीनं बांधलं. मग स्वतःच्या कमरेची गाठ तीनदा आवळली, कारण शिक्षकानं उदाहरण घालून द्यावं.

चंदरनं हात वर केला. "गुरुजी, ह्यो तर खलीलचाचाचा मचवा."

"प्रश्न शेवटी!"

निसर्गाचा तास उत्तम चालला. गुरुजींनी खेकडा दाखवला, त्याला दहा पाय असतात म्हणून सांगितलं. शिंपला दाखवला. एका डबक्यात फुलासारखं काहीतरी होतं, त्याला बोट लावताच ते मिटलं. तेव्हा मात्र ते पुस्तक विसरले आणि पोरांच्या बरोबरीनं वाकून "पुन्हा! पुन्हा!" म्हणत बसले. केसरनं हात वर केला होता. तो बराच वेळ वर होता, मग तिनं दुसऱ्या हातानं तो धरला.

"प्रश्न शेवटी, केसर."

"गुरुजी, शेवट आला."

"शेवट कधी ते मी ठरवीन."

डबकं भरलं. मग डबकं दिसेनासं झालं. गुरुजींनी मान वर केली तेव्हा धोतराचा काठ भिजला होता आणि समुद्र, जो सकाळी क्षितिजाला टेकला होता, तो त्यांच्याशी बोलण्याइतका जवळ आला होता.

"कुणी हलू नका! दोर घट्ट धरा!" असं म्हणून ते वळले. पोरांनी दोर खरंच धरला होता, पण हातात. कमरेच्या गाठी सगळ्यांच्या सुटलेल्या. कोळ्याआगऱ्यांच्या पोरांनी त्या पहिल्या पाच पावलांतच सोडल्या होत्या आणि गुरुजींना वाईट वाटू नये म्हणून फासे हातात धरून चालली होती.

तेवढ्यात ती जिल्ह्यातली अचल वस्तू हलली. आधी डुलली, मग कुरकुरली, मग अगदी शांतपणे वाळूवरून उठली.

गुरुजींनी शिट्टी तोंडात धरली. एक. दोन. तीन!

महिन्याची मेहनत फळाला आली. तीसच्या तीस पोरांनी एकाच वेळी फासे टाकले, मोठ्यांनी लहानांचे हात धरले आणि सगळी डोक्याला फडकी बांधलेली पलटण गुडघाभर पाण्यातून सुरूच्या झाडांकडे पळत सुटली. मागं एकानंही बघितलं नाही. गुरुजींचा ऊर अभिमानानं भरून आला. मग दोर ताणला गेला आणि त्यांच्या लक्षात आलं, की एखाद्यानं बघितलं असतं तरी चाललं असतं.

"अरे, थांबा रे! निदान वहाब तरी!"

सगळ्यात मागं असलेल्या वहाबनं पळता पळता पुढं बघूनच हात वर केला. प्रश्न शेवटी.

काथ्या भिजला की गाठ फुगते, सुटत नाही. गुरुजी मचव्याच्या मागोमाग चार पावलं चालले, चार पावलं धावले आणि मग चालणं-धावणं हा विषयच संपला. भरतीची वाट बघत मचव्यातच झोपलेले खलीलभाई आता उठून वर शीड चढवीत होते. मचवा जड का चाललाय म्हणून त्यांनी मागं वाकून पाहिलं, दोर दिसला, तो दोघा खलाशांकरवी ओढून घेतला. रिकामे फासे एकामागून एक वर आले आणि शेवटच्या फाशात प्राथमिक शिक्षक आला.

"या अल्ला! मास्तर?"

गुरुजींनी तोंडातली शिट्टी काढली, तिच्यातलं पाणी ओतलं. "पोरं कुठं आहेत?"

"पोरं गेली पळत. तुम्ही हे काय—"

"सगळी गेली? मोजली का तुम्ही?"

"मला काय माहीत, मास्तर, मी काय पोरं मोजायला बसलोय! मचवा मागं फिरवला तर पुन्हा वाळूत बसेल. पाणी कमरेएवढंच आहे. उडी मारा, चालत जाल घरी."

गुरुजींनी कठड्यावरून खाली पाहिलं. पाणी हिरवं होतं आणि हलत होतं.

"मुंबईला किती भाडं पडेल?" त्यांनी विचारलं.

खलीलभाईंनी भाडं घेतलं नाही. पण तो सारा प्रवास आणि मुंबईतली ती रात्र गुरुजींना फार जड गेली. कोरडी लुंगी मिळाली, पाव मिळाला, पण घास पुन्हा घशाखाली उतरेना. डोळ्यांपुढं ती पळती पोरं होती आणि एखादं मागं राहिलं असेल, कुणाचा हात सुटला असेल, असं सारखं वाटत होतं. कौलांच्या ढिगाला टेकून त्यांनी चक्क डोळे पुसले.

दुसऱ्या दिवशी परतीच्या मचव्यातून ते गावाच्या धक्क्याला लागले, तर समोर मनुबाई उभी. कमरेवर हात. मागं पोरं.

गुरुजींनी पाय खाली टाकायच्या आत विचारलं, "पोरं सगळी आहेत का?"

"समदी हायत," मनुबाई म्हणाली. "कुनाला खरचाटलंबी न्हाय. तुमीच एक कमी व्हतात. पोरीला इचारलं, गुरुजी कुटं? तर म्हनते, मागं बघायचं नव्हतं!"

"आणि साहेब?"

"आलं व्हतं की. पोरांनी दहा पायांचा खेकडा सांगितला, मिटनारं फूल सांगितलं. लई खूश. मग म्हनाले, मास्तर कुठंय? समद्या वर्गानं सांगितलं, मास्तर मचव्याला बांधलंय!"

"मग?"

"मग बसलं जरा. पानी मागितलं. म्हनाले, मुलांच्या सुरक्षिततेत खोट न्हाय, आता मास्तरांचं बघा."

गुरुजींनी बोललेला शब्द पाळला होता. केसाला धक्का लागला नव्हता. भात लावायला जायची गरज उरली नव्हती. त्या आनंदात ते हसले, पोरांच्या डोक्यांवरून हात फिरवला आणि पुढच्या महिन्यात खाडीकडं जाऊ म्हणाले.

पुढच्या महिन्यात सगळ्या आया शाळेच्या ओट्याजवळ जमल्या. या वेळी शपथ गुरुजींनी घेतली नाही. मनुबाईनं तोच काथ्याचा दोर आणला होता. त्याचे बाकीचे फासे तिनं सोडून टाकले होते, एकच ठेवला होता. तो तिनं गुरुजींच्या कमरेत अडकवला, दुसरं टोक केसरच्या हातात दिलं आणि तिला बजावलं, "सुटू द्यायचं न्हाय. आनि काय बोलले तरी ऐकायचं न्हाय. प्रश्न शेवटी!"