तीनदा न सापडलेलं छप्पर

गुप्तहेर-शिरोमणी म्हणजे बुद्धीचा धबधबा, निरीक्षणात घारीचा बाप, आणि धैर्यात त्यांच्या तोडीचा माणूस अजून जन्माला यायचा होता. हे वर्णन त्यांनी स्वतःच रंगवून दारावर लावलं होतं. पाटीवर जागा न उरल्यामुळे नम्रता तेवढी लिहायची राहून गेली. त्यांचा मदतनीस म्हणजे त्यांच्या बायकोचा धाकटा भाऊ. पगार म्हणून या मेहुण्याला बहिणीच्या हातचं दोन वेळचं जेवण मिळे. त्याबदल्यात भावोजींचे तर्क ऐकावे लागत, त्यामुळे हा सौदा त्याला कधीच परवडला नाही.

त्या सकाळी टेलरताई आल्या. शेजारच्या फर्निचरवाल्याने मधल्या बोळावर पत्र्याचं छप्पर ठोकलं होतं आणि ताईंची एकुलती एक खिडकी अंधारात गेली होती. भर दुपारी बल्ब लावून शिवायचं. परवा एका गिऱ्हाइकाची निळी पँट काळ्या दोऱ्याने शिवली गेली, ती त्याने तोंडावर फेकली.

"पालिकेत तक्रार केली," ताई म्हणाल्या. "नाव गुप्त ठेवतात, म्हणून मी तपासणीच्या वेळी बाहेरसुद्धा येत नाही. शेजाऱ्याशी वैर कोण घेणार? निरीक्षकसाहेब तीनदा आले आणि तिन्ही वेळा लिहून गेले, 'छप्पर आढळले नाही.' आज शेवटची तपासणी. आजही नाही आढळलं तर तक्रार निकालात आणि माझं दुकान बंद."

"तुम्हाला दिसतं का ते?" शिरोमणींनी करड्या आवाजात विचारलं.

"दिसतं म्हणजे? दुसरं काही दिसतच नाही!"

शिरोमणींनी डोळे मिटले. "चाकं! साहेब आले की छप्पर ढकलत नेतात."

बोळात पोचताच ते रांगत चाकांच्या खुणांमागे निघाले आणि भंगारवाल्याच्या हातगाडीवर आदळले. भंगारवाल्याने त्यांच्याकडे वजन जोखल्यासारखं पाहिलं. मग शिरोमणींना एक स्क्रू सापडला. छप्पर घडीचं आहे, हे त्यावरून सिद्ध झालं. तो त्यांच्याच भिंगाचा होता हे मेहुण्याने सांगेपर्यंत भिंगाची काच गटारात गेली होती.

"हरकत नाही. प्रत्यक्ष नाहीसं होतानाच पकडू," शिरोमणी म्हणाले, आणि दोघे फर्निचरवाल्याच्या दुकानाबाहेर विकायला मांडलेल्या एका कपाटात शिरले.

निरीक्षकसाहेबांची गाडी आली. ते उतरतात न उतरतात तोच फर्निचरवाल्याने त्यांच्या डोक्यावर छत्री धरली. "ऊन फार आहे, साहेब!" छत्री थेट छपराखालच्या सोफ्यापर्यंत आली आणि तिथे मिटली. साहेब सोफ्यात रुतले. सरबत प्यायले. समोर पाहिलं, डावीकडे पाहिलं, उजवीकडे पाहिलं. "छान गारवा आहे हो तुमच्याकडे," म्हणाले. "छप्पर मात्र आजही नाही." आणि पेन काढलं.

"भावोजी," कपाटात मेहुणा कुजबुजला, "अहो, ते बसलेत तिथेच तर..."

"गप! साहेबांच्या टकलावर बघ. गोल उजेड! कुणीतरी आरशाने इशारा देतंय!" शिरोमणी लाथेने दार उघडून बाहेर कोसळले. "खबरदार! आरसेवाला कुठाय?"

फर्निचरवाल्याची आई सरबताचा दुसरा ग्लास घेऊन बाहेर येत होती. "आरसा कसला डोंबलाचा!" ती म्हणाली आणि मुलाकडे वळली. "कितीदा सांगितलं तुला, पाहुण्यांना भोकाखाली बसवू नकोस? ऊन लागतंय त्यांना. तो पत्रा बदल की एकदाचा!"

सगळ्यांनी वर पाहिलं. साहेबांनी तर पहिल्यांदाच.

फर्निचरवाला सावरला आणि गोड हसला. "साहेब, तीन अहवालांवर तुमच्या सह्या आहेत. आता छप्पर आहे म्हणालात, तर वरचे विचारतील, तीनदा कुठे बसला होतात?"

साहेबांचा चेहरा उतरला. पेन पुन्हा जुन्याच वाक्याकडे वळलं. मेहुण्याला त्या क्षणी फार वाईट वाटलं. तेवढ्यात टेलरताई बाहेर आल्या, हातात कात्री तशीच.

"तक्रार माझी आहे," त्या म्हणाल्या. "साहेब, छप्पर नाहीच ना?"

"कागदोपत्री नाही."

"मग मी उतरवलं तर कुणाचं काय उतरवलं?"

साहेबांनी विचार केला आणि त्यांचा चेहरा खुलला. "कुणाचंच काही नाही. पालिकेची हरकत असण्याचा प्रश्नच येत नाही."

छप्पर आहे असं म्हणायची फर्निचरवाल्याला आता सोय उरली नव्हती. मेहुणा टेबलावर चढला, पाना फिरवू लागला, आणि एकेक पत्रा खाली आला. साहेबांनी रणरणत्या उन्हात उभं राहून चौथ्यांदा लिहिलं, 'छप्पर आढळले नाही.' यावेळी ते खरं होतं.

शिरोमणींनी मेहुण्याची कॉलर धरली. "छप्पर नाहीसं करणारा इसम अखेर रंगेहाथ सापडला!"

कॉलर सोडवून मेहुणा ताईंच्या दुकानात डोकावला. मशीन बंद होतं. ताई खिडकीशी हात पसरून नुसत्या बसल्या होत्या, डोळ्यांत पाणी.

"ताई, बरं नाही का वाटत?"

"बरं वाटतंय रे," त्या म्हणाल्या. "जरा ऊन खाते."