मीटरवरचं शून्य

चेंबूरच्या भीमराजला अख्ख्या मुंबईत कुणी फसवू शकत नाही, हे खुद्द भीमराजचं मत. तो कांदे एकेक दाबून घेतो, रिक्षावाल्याला आधी रस्ता विचारतो आणि लग्नाच्या पंगतीत जिलबीकडेसुद्धा आधी संशयानेच बघतो. पण त्याचा खरा वैरी एकच, पेट्रोल पंपवाला.

त्यात तो दिवस साधा नव्हता. बायको नंदा आणि मुलगी संघमित्रा, दोघींच्या केटरिंगला गोरेगावच्या एका स्टुडिओतून पहिली ऑर्डर आली होती. शूटिंगवाल्यांचं जेवण, दीडला गरमागरम हजर पाहिजे. जमलं तर पुढे दोन महिने रोजचं काम, नाही तर रामराम. आणि जेवण जाणार होतं भीमराजच्या जुन्या, पेट्रोलवर चालणाऱ्या छोट्या ट्रकातून. नंदाने पोळ्या लाटता लाटताच निकाल देऊन टाकला होता, "हे धूड आज वेळेत पोचलं तर ठेवू. नाही पोचलं तर उद्या भंगारात. मग माझ्यापुढे तोंड पाडून बसायचं नाही."

त्या ट्रकावर भीमराजचा जीव होता. आज याच्या पोटात साधंसुधं काही जाणार नाही, असं त्याने जाहीर केलं.

शेजारच्या शरच्चंद्रकाकांनी त्याच्या डोक्यात ऑक्टेनचा, म्हणजे पेट्रोलच्या दर्जाच्या आकड्याचा, किडा सोडला होता. काका रिटायर्ड, वेळ रग्गड. त्यांच्या मते जुन्या गाडीला हल्लीचं इथेनॉलवालं पेट्रोल पचत नाही, म्हणून आकडा बघून भरावं. भीमराजने आकडा म्हणजे परीक्षेचे मार्क, असा सरळ हिशोब लावला. एक्याण्णववालं हुशार, पंच्याण्णववालं महाहुशार. शंभरवालंही मिळतं म्हटल्यावर मात्र त्याचे डोळे बारीक झाले. शंभरपैकी शंभर? कॉपी केल्याशिवाय पडतात का कुणाला! तेव्हा पंच्याण्णवच घ्यायचं ठरलं.

आता आली का पंचाईत, ते घ्यायचं कुठे? घराजवळच्या पंपावर माणसाने हसून हात केला. पंपवाला हसतोय म्हणजे काहीतरी शिजतंय, पुढे चला. घाटकोपरचा पंप रिकामा होता. गिऱ्हाईक का नाही? नक्की भानगड आहे, पुढे चला. त्याच्या पुढच्या पंपावर ही मोठी रांग. एवढे लोक एकत्र मूर्ख बनतायत, त्यात आपली भर कशाला? मागे पातेली खडखडत होती, शेजारी संघमित्रा घड्याळ बघत होती आणि नंदा काहीच बोलत नव्हती. ती गप्प बसली की समजायचं, वाट लागली.

विक्रोळीला काटा पार तळाला टेकला, तेव्हा कुठे ट्रक एका पंपात शिरला.

भीमराजला पंपवाल्यांची चाल तोंडपाठ होती. एकाने गोड बोलून आपल्याला गुंतवायचं आणि दुसऱ्याने मीटर शून्यावर न आणताच नळी सोडायची. म्हणून तो खाली उतरला, मोबाइलचा कॅमेरा सुरू केला आणि मीटरला नाक लावून उभा राहिला. "भारीतलं टाक, टाकी फुल," तो म्हणाला, "और बात नहीं करने का." पंपावरच्या माणसाने काहीतरी विचारायला तोंड उघडलं. भीमराजने नजर न हलवता त्याला गप्प केलं. माणसाने पुन्हा विचारलं. भीमराजने शाळेतल्या मास्तरासारखा हात वर केला. माणसाने खांदे उडवले आणि नळी लावली. मीटरवर शून्य होतं, अगदी गोल गरगरीत शून्य. भीमराजची छाती फुगली.

पवईच्या चढावर ट्रक खोकला. मग पांढरा धूर ओकला. मग बसला तो बसलाच.

भेसळ, भेसळ, म्हणून भीमराज रस्त्यावर नाचायला लागला. नंदाने त्याच्याकडे ढुंकूनही पाहिलं नाही. तिने तीन रिक्षा अडवल्या, पातेली चढवली, संघमित्राच्या मांडीवर पोळ्यांचा डबा ठेवला आणि मायलेकी गेल्यासुद्धा.

जवळच्या गॅरेजातून दत्ताराम आला. टाकीचं झाकण उघडून त्याने नुसता वास घेतला.

"काका, डिझेल भरलंय."

"बघ! मी सांगत होतो ना, सगळे चोर आहेत. पण माझ्याकडे पुरावा आहे." भीमराजने ऐटीत व्हिडिओ लावला.

पडद्याच्या मधोमध शून्य झळकत होतं. त्याच्या वर, आंधळ्यालाही दिसावं एवढ्या मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं, डिझेल. आणि मागून आवाज येत होता, "अंकल, ट्रक में डीजल ही जाएगा ना?" मग भीमराजचा आवाज, "चूप."

दत्ताराम सभ्य माणूस. तो ट्रकाखाली जाऊन हसला.

तासाभराने नंदाचा फोन आला. जेवण वेळेत पोचलं होतं, लोकांनी पातेली चाटूनपुसून साफ केली होती, दोन महिन्यांचं काम पक्कं झालं होतं. भीमराजला एवढं बरं वाटलं की त्याने जे घडलं ते सगळं, व्हिडिओसकट, सांगून टाकलं. मग गयावया करत म्हणाला, "अगं, ट्रकाचा काही दोष नाही. टाकी साफ केली की ठणठणीत होईल, दत्ताराम म्हणतोय. त्याला भंगारात नको ना घालूस."

पलीकडे नंदाने पातेल्यांचा खडखडाट थांबवला.

"बरं," ती म्हणाली, "ट्रक ठेवू. ड्रायव्हर बदलते."