डोंगरवाडीचा गॅस कुणी पळवला

तिसगावाजवळच्या डोंगरवाडीत कानिफनाथ स्वतःची ओळख करून देताना आधी घसा साफ करी. पोलिसांची नजर जिथं संपते, तिथून आपली सुरू होते, असं तो सांगे आणि दाखल्यादाखल आपण शोधून काढलेल्या म्हशीचं नाव घेई. ती म्हैस संध्याकाळी आपल्या पायांनी घरी आली होती, हे त्याचा मेव्हणा पुंजाराम कधी बोलत नसे. पुंजारामचं सायकल दुरुस्तीचं दुकान होतं. बहीण कानिफनाथाला दिलेली, त्यामुळं मदतनिसाचं काम त्याच्या गळ्यात आपसूकच पडलं होतं.

शहाण्णव साली ग्रामसभेनं गावातला धूर कमी करायचं मनावर घेतलं. चुलीच्या धुरानं पृथ्वी तापते, असं पंचायत समितीचे साहेब सांगून गेले होते. आमची आधीच तापलेली हाय, असं मागून कुणीतरी म्हणालं, पण ठराव झाला. घरटी रोज पाटीभर शेण द्यायचं, सामायिक गोबरगॅस चालवायचा, बालवाडीला आणि बारा घरांना नळी न्यायची आणि ओढ्याकाठच्या बाभळींना कुऱ्हाड लावायची नाही. महिनाभर शेगड्या निळ्या जळल्या. मग ज्योत फडफडायला लागली आणि एका सकाळी सगळीकडंच विझली. सोमवारच्या सभेपर्यंत गॅस आला नाही तर बाभळी तोडायला मोकळीक द्यावी लागेल, असं सरपंच काकासाहेबांनी जड मनानं सांगितलं.

कानिफनाथानं टाकीला तीन फेऱ्या मारल्या आणि चोरी झाल्याचं जाहीर केलं. टाकीचं लोखंडी टोपण वर तरंगतंय, म्हणजे गॅस आत शाबूत आहे, असं पुंजाराम हळूच म्हणाला. चोर हुशार असल्यामुळं त्यानं टोपण मुद्दाम वर ठेवलंय, असं त्याला उत्तर मिळालं.

पहिला संशय विरोधी पार्टीच्या म्हशींवर गेला. त्यांचं शेण गॅस सोडत नसावं म्हणून कानिफनाथानं नऊ गोठ्यांतलं शेण हुंगलं; त्यातून पक्ष काही कळला नाही. मग त्याच्या ध्यानात आलं की गॅस पळवायचा तर टायरच्या ट्यूबमध्येच भरावा लागणार, आणि गावात ट्यूबा एकाच माणसाकडं होत्या.

रविवारी भर चावडीपुढं त्यानं पुंजारामच्या अकरा ट्यूबा सोडून हुंगल्या. दहांत हवा निघाली, अकरावी पंक्चर होती. लोक हसले, पण दुपारी दोघांनी आपल्या सायकली दुकानातून उचलून नेल्या. पुंजारामच्या ते फार जिव्हारी लागलं.

"दाजी, म्हशीपायी तुमच्यासंगं चार कोस हिंडलो, आन् मीच चोर?"

"कायद्याला मेव्हणा नसतो," कानिफनाथ म्हणाला.

सोमवारी सभा भरायच्या आधी बालवाडीत खिचडी शिजवणारी बनुबाई नळीच्या कडेकडेनं चालत आली. रस्त्याच्या खोलगट जागी ती वाकली, नळीला कान लावला आणि पुंजारामला जवळ बोलावलं.

"चोर न्हाई न् बिर न्हाई. पोटात वाजतं तसं गुडगुडतंय बघ. नळीत पानी साठलंय. जामखेडला माझ्या भावाकडं असंच हुतं. गॅसातली वाफ गार हुती, तिचं पानी हुतं."

पुंजारामनं सायकलच्या पान्यानं तिथली गंजलेली तोटी फिरवली. बादलीभर पाणी भसाभसा वाहिलं आणि बालवाडीतली शेगडी पेटल्याची हाळी आली. गावात दोन विहिरी खोदून पाणी लागलं नव्हतं. लागलं ते गॅसच्या नळीला.

सभेत बाभळी राखण्यासाठी सगळे हात वर झाले. त्या दहा ट्यूबांमध्ये हवा मात्र कानिफनाथालाच भरावी लागली. बायकोनं त्याशिवाय जेवायला वाढलं नाही. घामाघूम होऊन त्यानं अहवाल लिहिला, 'आरोपी पाणी. अटकेपूर्वीच जमिनीत मुरून फरार.'

पुंजारामनं तो बनुबाईला वाचून दाखवला. ती म्हणाली,

"दर शनवारी परत यील म्हनावं. धरायला या."

तेव्हापासून दर शनिवारी कानिफनाथ दबा धरून तोटीपाशी बसतो आणि आरोपी एकदाही हातचा सुटलेला नाही.