वाऱ्याचं मागचं दार

औंदा वाऱ्याचा बाप जरी आला तरी आपल्या घरात त्याला पाय ठेवता येणार न्हाई, असं भुजंगराव देवणीच्या बाजारात चारचौघांत बोलून आले होते.

तसं बोलणं भाग होतं. मागच्या चैत्रात गारपिटीच्या वादळानं त्यांच्या घराचे चार पत्रे उचलून शेजारच्या नरसिंगच्या उसात नेऊन टाकले. त्याच्या थोडं आधीच त्यांची बायको केवळाबाई गेल्या होत्या. लेक सुकन्या नांदेडहून आली, तर बाप उघड्या घरात एकटाच बसलेला. "आबा, नांदेडला चला माझ्याकडं," ती म्हणाली. भुजंगराव ऐकेनात. शेवटी तोड निघाली. पुढच्या वादळात एक जरी पत्रा उडाला, तर घराला कुलूप लावायचं आणि नांदेडला जायचं.

ज्या घरात केवळाबाई जन्मभर वावरल्या, ते सोडून भुजंगरावांना कुठंच जायचं नव्हतं. म्हणून त्यांनी शिरूर अनंतपाळहून खिडक्या बनवणाऱ्या जलीलला बोलावलं. त्यानं जाड काचेच्या, कडेनं रबर लावलेल्या सरकत्या खिडक्या बसवल्या. पत्र्यांना लोखंडी हूक मारले. पत्र्यावर ठेवलेले जुने दगड भुजंगरावांनी स्वतः खाली ढकलले. हूक मारलेल्या घरावर दगड म्हणजे कोट घातलेल्या माणसाची पायजम्याची नाडी दिसल्यासारखं.

राहिली स्वयंपाकघराच्या मागच्या भिंतीतली केवळाबाईंची खिडकी. हातभर रुंद, लाकडी, कडी ढिली. वादळ आलं की सगळी दुनिया खिडक्या लावून घेते. केवळाबाई मात्र उठून ही एक उघडायच्या. त्यावरून दर वर्षी भांडण ठरलेलं. "वारा पाहुणा हाय," त्या म्हणायच्या. "पुढून आला तर मागून जाऊ द्यावं. कोंडला की घर डोक्यावर घेतो." भुजंगरावांना वाटायचं, बाई मुद्दाम उलटं वागते.

"काकूची खिडकी राहू द्या की, काका," जलील म्हणाला.

"भोक ते भोकच. बुजव."

"सोच लो, काका."

"सोचून सोचून केस पिकले. बुजव तू."

जलीलनं तिथं शहाबादी फरशीचा तुकडा बसवला आणि कडेनं सिलिकॉन मारलं. घर इतकं घट्ट झालं की दार लावताच कानात दडे बसत. शेजारच्या गुरम्मा बघायला आल्या.

"भुजंगराव, घर केलं का लोणच्याची बरणी?"

"बरणीतलं लोणचं टिकतं, गुरम्मा."

"नासकं बी?"

सुकन्या घर बघायला यायची होती, त्याच दिवशी दुपारी पश्चिमेकडून आभाळ उठलं. असं आभाळ भुजंगरावांनी उभ्या जन्मात पाहिलं नव्हतं. खालून तांब्यासारखं, वरून काळंनिळं, मधे विजेच्या मुळ्या. धुळीची भिंत चालत आली. मागोमाग गारा, लिंबाएवढ्या. काचेवर आपटत होत्या आणि काच हूं का चूं करत नव्हती. आत केवळाबाईंच्या फोटोपुढची वात जराही हलत नव्हती. भुजंगरावांचे हात आपोआप जोडले गेले. गारांपुढं का वातीपुढं, ते त्यांनाही कळलं नाही.

तेवढ्यात दारावर थापा पडल्या. "आबा, उघडा लवकर."

सुकन्या फाट्यापासून डोक्यावर पिशवी धरून पळत आली होती. दार पश्चिमेला. कडी काढली मात्र, सुकन्या, वारा आणि दार तिघंही एकदम आत आले. दार भिंतीवर आपटून बिजागरीतून निखळलं. दोघांनी रेटून पाहिलं, ते काही लागेना.

मग वरून करकर आवाज आला. अख्खं छप्पर उठत होतं, भात शिजताना पातेल्यावरचं झाकण उठतं तसं. भिंत आणि पत्रा यांच्यामध्ये बोटभर आभाळ दिसलं. वीज घरात डोकावून गेली. छप्पर खाली बसलं, पुन्हा उठलं. हूक वाकायला लागले.

"आबा, चाललं आपलं घर," सुकन्या हळूच म्हणाली.

भुजंगरावांची नजर छपरावरून निघेना. भ्यायचं राहूनच गेलं होतं. एवढं वजन वारा गोधडीसारखं उचलून बघत होता.

"तुझ्या मायनं भातावरचं झाकण कवा घट्ट लावलं का गं?"

"आबा, आत्ता भाताचं काय काढलंय?"

"तिरकं ठेवायची ती. दर येळंला तिरकं."

त्यांनी कोपऱ्यातलं मुसळ उचललं आणि मागच्या भिंतीतल्या फरशीवर घातलं. फरशी ढिम्म. पुन्हा घातलं. "जलील्या, इतकं इमानदारीनं काम करतं का रे कुणी?" सुकन्यानंही मुसळाला हात लावला आणि फरशी एकदाची बाहेर पडली.

वारा त्या भोकातून जो सुटला, तो घर झाडून घेऊन गेला. भुजंगरावांची टोपी गेली. दोरीवरचं धोतर गेलं, त्याच्यामागं बनियन, सुकन्याची ओढणी, भिंतीवरचं कॅलेंडर. आणि वर छप्पर हळूच भिंतीवर टेकलं. थरथरलं, पण परत उठलं नाही. बाप-लेक त्या हातभर भोकाकडं देवळाच्या गाभाऱ्यात बघावं तसं बघत राहिले.

वादळ सरल्यावर गुरम्मा आल्या. हातात काठी, काठीच्या टोकाला पट्ट्यापट्ट्याची चड्डी.

"भुजंगराव, मी पत्र्याची वाट बघून राहिले होते. हे आलं."

सुकन्यानं घराभोवती फेरी मारून सगळे पत्रे पाहिले. "हलले तर हायत, आबा."

"हलले. उडायचं ठरलं होतं."

तिनं हसत डोळे पुसले. "ऱ्हावा हितंच. पण ते भोक बुजवायचं न्हाई."

दुसऱ्या दिवशी जलीलनं विचारलं, "काका, इथं काच लावू का?"

"लाकडाचीच कर. अन् कडी तुझ्या काकूच्या हाताला यायची तितक्याच उंचीवर ठेव."

संध्याकाळी भुजंगराव पारावर समजावून सांगत होते. वारा ज्या अंगानं येतो त्याच्या उलट्या अंगाची खिडकी वादळात उघडी ठेवायची असते, न्हाई तर छप्पर जातं. मंडळी माना डोलवत होती. हे शिकवलं कुणी, ते सांगायचं त्यांच्याकडून राहून गेलं होतं.

गुरम्मा घागर घेऊन चालल्या होत्या. त्या थांबल्या.

"आमची कवाच उघडी असती. केवळाबाईनं साऱ्या गल्लीला सांगितलेलं. ऐकलं न्हाई ते एकाच घरानं."

भुजंगरावांनी टोपी सावरायला हात डोक्याकडं नेला. टोपी अजून गुरम्माच्या लिंबावरच होती.