पाहुण्यांच्या सपाता

आमच्या शाळेतली मुलं बाहेरचे जोडे दाराशी काढून आत घालायचे पांढरे बूट दर शुक्रवारी धुवायला घरी नेतात. इंग्रजीचे डेक्लन सर आयर्लंडचे, पण मुलं करतील ते करायची त्यांना भारी हौस. त्यांनीही बूट घरी नेले, घासूनपुसून गॅलरीत वाळत घातले आणि सोमवारी तिथेच विसरून आले. सोमवारही नेमका असा, की शिक्षण मंडळाचे कुझुहारा साहेब त्यांचा तास बघून पुढच्या वर्षी त्यांना ठेवायचं की नाही ते ठरवणार होते.

नाइलाजाने सरांनी दाराशी पाहुण्यांसाठी ठेवलेल्या हिरव्या सपाता पायात सरकवल्या. तिथेच घोळ झाला. हिरव्या सपाता दिसल्या की थांबायचं, वाकायचं आणि नमस्कार म्हणायचं, हे आमच्या मुलांच्या अंगवळणी पडलेलं.

"अगं चितोसे, मी रोजचाच की," सर चौथीतल्या मुलीला म्हणाले.

"माहितेय सर. पण सपाता पाहुण्यांच्या आहेत ना," असं म्हणून ती पुन्हा वाकली.

समोरचा वाकला की आपणही वाकायला हवं. जिना चढेपर्यंत साठेक मुलं झाली आणि सर तासाला दहा मिनिटं उशिरा पोचले. वर्गात मुलांनी त्यांना बसायला पाहुण्यांची मागची खुर्ची दिली. ऑफिसातल्या मोरिवाकी बाई त्यांच्यापुढे चहा ठेवून गेल्या. कुझुहारा साहेब वहीत काहीतरी लिहीत होते. वर्षभर राबूनही आपण अजून पाहुणेच, या विचाराने सरांना फार वाईट वाटलं.

दुपारी मुलंच शाळा झाडतात-पुसतात, त्या सफाईच्या वेळी सरांनी फडकं मागितलं.

"छे, पाहुण्यांना कसं देणार?" चितोसे म्हणाली.

कुझुहारा साहेब मात्र स्वतःचे पांढरे बूट घरून घेऊन आले होते. नवे शिक्षक समजून मुलांनी त्यांच्या हातात ओलं फडकं दिलं होतं आणि साहेब गुडघ्यांवर बसून व्हरांडा पुसत होते. ते बघून उपमुख्याध्यापक हिरोसे पांढरेफटक पडले.

"साहेब, माफ करा, मुलांना कळलं नाही..."

"राहू द्या हो. वीस वर्षं शाळा तपासतोय, मला कुणी काम सांगितलं ते आज पहिल्यांदा."

हे ऐकून सरांनी सपाता काढल्या, भिंतीशी नीट जोडून ठेवल्या आणि मोज्यांवरच साहेबांशेजारी बसले. चितोसेने त्यांच्या पायांकडे निरखून पाहिलं आणि फडकं त्यांच्या पुढ्यात टाकलं.

"काय हे सर, किती उशीर? तो कोपरा तसाच राहिलाय."

सर खुशीत कोपऱ्याकडे सरकले. साहेबांनी आपलं फडकं बादलीत पिळलं.

"डेक्लन सर," मान वर न करता ते म्हणाले, "पुढच्या वर्षी बुटांचे दोन जोड ठेवा."