पोटात घे

फिलिनाने कमरेची दोरी सोडून तिचं एक टोक लिकोनच्या कमरेला बांधलं, दुसरं स्वतःच्या मनगटाला.

"अगं, पोर आहे का शेळी?" सासूबाई देवळाच्या आवारातच कडाडल्या. मेलिताबाईंचा आवाज अख्ख्या अथेन्सला पाठ होता.

"जमिनीतली फट हातभर रुंद आहे, सासूबाई. हा आजकाल धावतो."

"आमच्या तीन पिढ्या इथे रोट टाकतायत. एक पोर पडलं नाही आत!"

धरणीमाता गाइयाच्या त्या फटीत वर्षातून एकदा कणीक-मधाचा रोट टाकायचा असे. बायकांची रांग लागली होती, आणि पुजारीण थिआनो काठी आपटत तेच तेच ओरडत होती, "आधी घास, मग गाऱ्हाणं! घासाशिवाय आईला ऐकू येत नाही!"

फिलिनाने दोरी आवळून धरली आणि पोराच्या पायांवरून नजर हलवली नाही. चूक तिथेच झाली. पाय जागेवर होते, पण हात टोपलीत गेले होते.

"पुढे या!" थिआनोने हाक मारली. फिलिनाने टोपली उघडली. आत चार कण होते. लिकोनच्या हनुवटीवरून मध ओघळत होता.

"खाल्लास? देवीच्या आधी?" सासूबाई किंचाळल्या. मागच्या बायका टाचा उंचावून बघू लागल्या. एकजण खुसखुसली, "मेलिताबाईंची सून शिकलेली आहे म्हणे!"

फिलिनाचे कान तापले. लाजेने मेल्यावर कुठलीही बाई म्हणते तेच तिच्या तोंडून निसटलं, "आई गाइया, दुभंग आणि मला पोटात घे गं!"

मागच्या बायका दोन पावलं मागे सरकल्या. हे वाक्य घरी, बाजारात, विहिरीवर चालतं. पण इथे धरणी आधीच दुभंगलेली होती, आणि फिलिनाची चप्पल तिच्या काठावर होती.

तेवढ्यात गुरगुर ऐकू आली. खोल, लांबलेली.

"आली!" कुणीतरी ओरडलं, आणि रांग मोडली. फिलिनाने काठावरचा पाय मागे घेतला. आपण गेलो तर लिकोनचं काय? डावा कान कुरवाळल्याशिवाय तो झोपत नाही, हे घरात कुणालाच ठाऊक नव्हतं.

"डावा कान, सासूबाई! झोपताना डावा!"

"गप्प बस! आधी आईला शांत करते!" सासूबाईंनी शेजारणीच्या टोपलीतला रोट हिसकावला आणि फटीवर हात उगारला.

पुन्हा गुरगुर झाली. पण या वेळी दोरी थरथरली. फिलिनाने वाकून लिकोनच्या पोटाला कान लावला, आणि झेप घेऊन सासूबाईंचा हात धरला.

"टाकू नका! घास अजून पडलेलाच नाही! रोट याच्या पोटात आहे, तोच गुरगुरतोय. आईने माझं ऐकलंच नाही अजून! आता टाकलात, तर ऐकेल!"

सगळ्या थिआनोकडे वळल्या. म्हातारीने काठीवर हनुवटी टेकून विचार केला. "बरोबर आहे. घास नाही, तर गाऱ्हाणं नाही."

फिलिना मटकन खाली बसली आणि तिने लिकोनच्या चिकट गालांचे मुके घेतले. रोट खाऊन पोराने आईला वाचवलं होतं. सासूबाईंनीही डोळे पुसले, ते घामाचं निमित्त करून. मग त्यांनी पोराच्या कमरेची गाठ सोडली आणि फिलिनाच्या कमरेला बांधली.

"हे काय, सासूबाई?"

"रोट टाकायचा आहे अजून." त्यांनी दुसरं टोक आपल्या मनगटाला गुंडाळलं. "पोर राहील मोकळं. चल. आणि तोंड मिटून!"