सोपानतात्यांचे करंज

तेलगावजवळच्या आमच्या गावात चैत्र-वैशाखात माझं अंगण एक परका माणूस झाडतो. पाहुणे विचारतात, "असा गडी कुठून मिळाला, गुरुजी?" तो गडी नाही. ते शेजारचे सोपानतात्या. वय सत्तरीपुढे, आणि झाडूसुद्धा घरून आणतात.

करंज फुलला की खाली फुलांचा नुसता सडा पडतो. गावातल्या बारा-पंधरा अंगणांत तात्यांनीच लावलेले करंज आहेत आणि त्या सगळ्या अंगणांत ते न बोलावता हजर असतात. माझी बायको कचऱ्याला वैतागली की त्यांचं ठरलेलं उत्तर, "कचरा माझा, सावली तुमची."

गुलमोहर दिसला की तात्यांचं डोकं फिरतं. "पावना हाय त्यो. वादळ आलं की आडवा. करंज आपला हाय. शेळी तोंड लावत न्हाई, लई पाणी मागत न्हाई." स्वतःच्या भाचीच्या लग्नात सगळ्यांनी भांडीकुंडी दिली, यांनी करंजाचं रोप दिलं. ते हातात धरून फोटोला उभ्या राहिलेल्या नवरदेवाचा चेहरा पाहण्यासारखा होता.

तेव्हा मीही पोट धरून हसलो होतो. यंदा मात्र अंगणात फरशी बसवायचं ठरलं आणि मी करंज तोडायला माणूस बोलावला. त्याची कुऱ्हाड बघून तात्या खोडाला पाठ लावून खालीच बसले.

"उठा तात्या."

"न्हाई. एक पान तरी ठिवलं का मी खाली?"

"एका झाडापायी एवढा हट्ट?" मी चिडलोच.

तात्या जमिनीकडे बघत बोलले, "पयली पोरगी आठ दिसांची गेली. वड्याच्या काठाला पुरली, वर करंज लावला, खूण म्हनून. चार वर्सांत माझ्या डोक्याइतका झालता. दिवाळीनंतर आमी ऊस तोडायला गेलतो. उन्हाळ्यात आलो तर करंज न्हाई. शेतवाल्यानं मुळासकट काढून वर नांगर फिरवलता. म्हनला, पाला इहिरीत पडतो, रोज झाडायला कोन हाय हितं?"

कुऱ्हाडवाल्याला मी हातानंच जा म्हणून सांगितलं आणि तात्यांजवळ टेकलो.

"मग जागा सापडली का?"

"न्हाई. तिची माय दिसभर ढेकळांत हात फिरवत बसली. मग मीच एक जागा दावली तिला, हितंच हाय म्हनून. ती मरंस्तवर तिथं दिवा लावीत व्हती. मला तरी कुठं म्हाईत व्हतं, गुरुजी?"